एकाच गोळीत दोन-दोन अँटिबायोटिक्स कशासाठी?

चिंचगुळ
नमस्कार मंडळी. घरातला औषधांचा डबा आवरायला घेतला आणि एक गोष्ट ध्यानात आली. दाढेसाठी ह्यांना दिलेल्या पट्टीवर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड अशी दोन नावं. नणंदेच्या जुलाबाच्या वेळी आणलेल्या पट्टीवर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल. मामेसासऱ्यांना टीबीसाठी सरकारी दवाखान्यातून मिळते त्या गोळीत तर चार औषधं. नणंद म्हणते दोन औषधं म्हणजे डबल पॉवर, ह्यांचं म्हणणं ही सगळी कंपन्यांची कमाई.

कोणती गोळी घ्यावी हे मला विचारायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. दोन औषधं मिळून जंतूंचं नेमकं काय करतात आणि एकटं का पुरत नाही, हे कुणी साध्या मराठीत सांगेल का? मी बी.कॉम. आहे, बेताने घ्या.

घाटावरचा
चांगला धागा. जागा धरून ठेवतो. पट्टीवरची नावं वाचायला मला आधी चष्मा लागतो आणि मग डिक्शनरी.

काउंटरवाला
दुकानात उभं राहून रोज हेच ऐकतो. "सहाशेपंचवीस द्या दोन दिवसांच्या." बहुतेकांना ६२५ हा ताकदीचा आकडा वाटतो. तो बेरजेचा आहे. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन अधिक १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. ३७५च्या गोळीत २५० अधिक १२५. म्हणजे जंतू मारणारं औषध निम्मं झालं तरी दुसरं तेवढंच. म्हणून ६२५ संपल्या की "दोन ३७५ द्या, चालतील" असं म्हणू नका. त्यात क्लॅव्ह्युलॅनिक दुप्पट जातं आणि पोट बिघडतं ते बहुतांशी त्याच्यामुळेच. जेवणाच्या सुरुवातीला गोळी घ्या म्हणतात ते पोटासाठी.

आणखी एक. त्या गोळ्या जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीत येतात ते शोभेसाठी नव्हे. क्लॅव्ह्युलॅनिकला दमट हवा अजिबात सोसत नाही. बऱ्याच आज्या आठवड्याच्या गोळ्या काढून डबीत भरून ठेवतात, ते या गोळीच्या बाबतीत करू नका. लहान मुलांचं पावडरचं सिरप पाणी घालून एकदा हलवलं की फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांत संपवायचं. उरलेलं टाकायचं. पुढच्या तापाला ठेवायचं नाही!

सूक्ष्मदर्शी
मी मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय. थोडं लांबेल.

पेनिसिलिन आणि त्याची भावंडं (अमॉक्सिसिलिन त्यातलंच) जंतूची भिंत बांधू देत नाहीत. भिंत अर्धवट राहिली की जंतू फुटतो. यावर काही जंतूंनी फार पूर्वीच तोड काढली आहे. ते बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम तयार करतात आणि ते औषधाच्या रेणूतलं मधलं कडं तोडून टाकतं. ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन फोडणारं हे एन्झाइम १९४० मध्येच जाहीर केलं होतं. तिथे माणसाला पेनिसिलिन टोचलं गेलं ते १९४१ मध्ये. औषध दवाखान्यात पोचायच्या आधी त्याचा मारेकरी सापडला होता!

क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड हे स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिगेरस नावाच्या जंतूतून मिळतं. ब्रिटनमध्ये बीचम कंपनीच्या संशोधकांना ते १९७०च्या दशकात सापडलं आणि १९८१ मध्ये अमॉक्सिसिलिनसोबत 'ऑगमेंटिन' म्हणून बाजारात आलं. एकट्याने जंतू मारायची त्याची ताकद नगण्य. पण दिसायला ते पेनिसिलिनसारखं असल्यामुळे एन्झाइम त्याला धरतं, तोडायला जातं आणि कायमचं चिकटून बसतं. उसाच्या चरकात कुणी लोखंडी पहार घालावी, तसं. चरक अडकला की मागून आलेला ऊस शाबूत राहतो. इथला ऊस म्हणजे अमॉक्सिसिलिन.

म्हणून 'डबल पॉवर' हा शब्द इथे लागू नाही. मारणारं एकच आहे, दुसरं त्याला वाचवतं. ज्या जंतूकडे हे एन्झाइमच नाही, तिथे दुसऱ्याला काही काम उरत नाही.

घाटावरचा
चरक म्हटल्यावर रस प्यावासा वाटला. बाकी पोस्ट तीनदा वाचली, समजली. दंडवत.

तर्कटपंजरी
@सूक्ष्मदर्शी, शेवटच्या वाक्यावर अडलो. घसा दुखला की आमच्याकडे सर्रास ६२५ मिळते. घशाच्या जंतूकडे हे एन्झाइम असतं का?

सूक्ष्मदर्शी
घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो, तिथे कोणतंच अँटिबायोटिक उपयोगाचं नाही. ज्या जंतूसाठी द्यावं लागतं तो ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस. इतकी दशकं पेनिसिलिन खाऊनही तो बीटा-लॅक्टमेज बनवायला शिकलेला नाही. त्याला साधं पेनिसिलिन किंवा साधं अमॉक्सिसिलिन पुरतं.

याची उलट बाजूही आहे. एमआरएसए नावाचा स्टॅफिलोकॉकस औषध फोडण्यावर अवलंबून नसतो. औषध जिथे चिकटतं ती जागाच तो बदलतो. तिथे चरक अडकवून काय होणार? ६२५ काय, १००० दिली तरी व्यर्थ.

न्यूजर्सीकर_नाना
आमच्या नातवाचा कान दुखला तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंनी साधं अमॉक्सिसिलिनच दिलं, गुलाबी रंगाचं. सूनबाईंना वाटलं हलकं औषध देऊन बोळवण केली. त्यांनी सांगितलं की महिन्याभरात अमॉक्सिसिलिन झालं असतं किंवा सोबत डोळेही चिकटत असते तर क्लॅव्ह्युलॅनिकवालं दिलं असतं, कारण तेव्हा एन्झाइमवाला जंतू असण्याचा संभव जास्त. मला ते तेव्हा उगाच वाटलं होतं, आत्ता संगती लागली.

मावशीबोळ
आमच्या लहानपणी घरोघरी सेप्ट्रान असायची. तीही जोडगोळीच ना? आईला लघवीला जळजळ झाली की तीच. हल्ली कुठे गेली?

सूक्ष्मदर्शी
कुठेही गेलेली नाही, मान कमी झालाय एवढंच. आणि जोडीचं शास्त्र पाहायचं तर तिच्यासारखं उदाहरण नाही. सल्फामेथॉक्झाझोल आणि ट्रायमेथोप्रिम, मिळून को-ट्रायमॉक्झाझोल. ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये आलं. जंतूला फोलेट नावाचं जीवनसत्त्व स्वतः तयार करावं लागतं, आपण ते पालेभाजीतून खातो. त्या कारखान्यात एकामागे एक पायऱ्या आहेत. सल्फा एक पायरी अडवतं, ट्रायमेथोप्रिम पुढची. पहिल्या अडथळ्यातून जे थोडं निसटतं ते दुसऱ्याला सापडतं. एकेकटी दोन्ही बहुधा जंतूची वाढ थांबवतात, एकत्र आली की कित्येकदा मारतात.

प्रमाणही मजेचं आहे. गोळीत ४०० आणि ८०, म्हणजे पाचास एक. पण ट्रायमेथोप्रिम रक्तातून शरीरभर जास्त पसरतं, त्यामुळे रक्तात प्रमाण साधारण वीसास एक होतं. परीक्षानळीत ही जोडी सर्वांत चांगली चालते ती याच प्रमाणात.

मान का कमी झाला? लघवीच्या इन्फेक्शनमधले ई-कोलाय जंतू आपल्याकडे तिला मोठ्या प्रमाणात दाद देत नाहीत. शिवाय सल्फाची ॲलर्जी. अंगावर चट्टे उठले तर ठीक, पण क्वचित तोंडाची, डोळ्यांची, अंगाची कातडी सुटते, ते जिवावर बेततं. ब्रिटनमध्ये १९९५ मध्ये तिच्या वापरावर बरीच बंधनं आली. लघवीच्या साध्या इन्फेक्शनला ट्रायमेथोप्रिम एकटं पुरतं, मग सल्फाचा धोका कशाला पत्करायचा, हा त्यामागचा विचार. एचआयव्हीच्या रुग्णांना होणाऱ्या एका विशिष्ट न्यूमोनियासाठी मात्र आजही पहिली पसंती तिलाच.

मावशीबोळ
म्हणजे शास्त्र पक्कं, जोडी झकास, तरी साध्या दुखण्याला एकटं बरं. छान गुंता आहे.

तर्कटपंजरी
मग माझा सरळ प्रश्न. धागाकर्तीच्या डब्यातली दुसरी पट्टी, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल. इथे कोण कुणाला वाचवतंय? कोणती पायरी कोण अडवतंय?

सूक्ष्मदर्शी
कुणीच कुणाला नाही. ऑफ्लॉक्सासिन जुलाबाच्या काही बॅक्टेरियांवर, ऑर्निडाझोल अमिबा, जिआर्डिया आणि बिनऑक्सिजनच्या जंतूंवर. दोघांची कामं वेगळी, एकमेकांना मदत शून्य. एकाच माणसाला एकाच वेळी दोन्ही झालेलं क्वचित सापडतं.

तर्कटपंजरी
मग चिंचगुळच्या यजमानांचा मुद्दा बरोबर निघाला की. कमाई.

फटकळ_डॉक्टर
सगळे लॅबमध्ये बसून बोलताहेत, एक जण दवाखान्यातून बोलतो. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस आहे. जुलाबाचा पेशंट दिवसाची मजुरी बुडवून येतो. संडासची तपासणी सांगितली तर तो शेजारच्या डॉक्टरकडे जातो. उद्या परत ये म्हटलं तर येत नाही. रक्त-आव पडतेय की नुसतं पाणी, यावर मी अंदाज बांधतो. दोन्ही शक्यता वाटल्या तर जोडगोळी लिहितो. मला त्यात कंपनीकडून काही मिळत नाही. एसीत बसून 'इर्रॅशनल' म्हणणं सोपं आहे.

सूक्ष्मदर्शी
डॉक्टर, अडचण खरी आहे, नाकारत नाही. पण पाण्यासारखे जुलाब बहुतेक आपोआप थांबतात, जीव जातो तो पाणी कमी पडल्याने. त्याला ओआरएस, आणि लहान मुलाला झिंक. अमुक जंतू असेल-नसेल म्हणून दिलेल्या औषधाचे परिणाम मात्र नक्की होतात. आतड्यातल्या बाकीच्या जंतूंना फुकटचा सराव मिळतो, आणि तेच पुढे लघवीत येऊन बसतात. ऑफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली औषधं ई-कोलायवर बोथट झाल्याचं मी रोज जंतू वाढवायच्या प्लेटवर बघते. औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल उमटायला हवा, तिथे वाढ थेट चकतीला भिडलेली असते.

फटकळ_डॉक्टर
ओआरएस मी देतोच. पण नुसतं ओआरएस दिलं तर पेशंट बाहेर जाऊन म्हणतो, "डॉक्टरनं पाणी पाजून पाठवलं."

घाटावरचा
डॉक्टर, हे आमच्या गावात खरंच म्हणतात. 'सुई टोचली नाही, पैसे घेतले' हे त्याच्याही पुढचं.

काउंटरवाला
कायद्याचं सांगतो. सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ जोडऔषधांवर बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, पुन्हा तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८वर बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. सगळी अँटिबायोटिक्स नव्हती, सर्दी-खोकल्याची, दुखण्याचीही होती. यादी आली की रात्रीत शेल्फ रिकामं करायचं, माल परत पाठवायचा, आणि कंपनी क्रेडिट नोट देईपर्यंत आपण बसायचं तोंड बघत. आठवड्याने एमआर, म्हणजे कंपनीचा विक्री प्रतिनिधी, नवीन पट्टी घेऊन हजर, एक औषध बदललेलं.

जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिक्सची वर्गवारी करते, त्यात 'वापरू नयेत' अशा जोड्यांची वेगळी यादी आहे. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच जोड्या तीत सापडतील. तिकडे नको म्हटलेलं आणि इकडे बंदी असलेलं, या दोन याद्या जुळत नाहीत.

स्पुटमवाली_ताई
तिसऱ्या गोळीवर कुणी बोललंच नाही. मी टीबीच्या कार्यक्रमात आहे, ते खातं माझं.

चिंचगुळ, तुमच्या मामेसासऱ्यांची गोळी म्हणजे आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५. पहिले दोन महिने चारही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. गोळ्या किती ते वजनावर. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ला चार. म्हणून आम्ही वजनकाट्यावर उभं केल्याशिवाय पट्टी देत नाही. लघवी केशरी होते, घाबरू नका, ते रिफॅम्पिसिन. हिरवा-लाल रंग ओळखायला त्रास झाला तर मात्र लगेच सांगायचं, ते इथॅम्ब्युटॉल, नजरेवर जातं.

चार का? जंतूंची संख्या प्रचंड वाढली की त्यात काही जन्मतःच औषधाला न बधणारे निघतात. आयसोनियाझिडला साधारण दहा लाखांत एक, रिफॅम्पिसिनला दहा कोटींत एक. छातीतल्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जंतू सहज असतात. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि तो न बधणारा एकटा मोकळ्या रानात वाढतो. दोन्ही दिली तर दोघांनाही न बधणारा जंतू एकावर चौदा शून्यं इतक्यांत एक. एवढे जंतू माणसाच्या छातीत नसतातच.

हे पुस्तकी नाही, घडलेलं आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची चाचणी १९४८ मध्ये छापून आली. पेशंट आधी झपाट्याने सुधारले, मग कित्येकांचे जंतू औषधाला दाद देईनात आणि आजार उलटला. नंतर सोबत पीएएस नावाचं दुसरं औषध दिल्यावर ते बरंच थांबलं. टीबीत एकटं औषध द्यायचं नाही हा नियम तिथून आला.

चौघांची कामंही वेगवेगळी. भराभर वाढणाऱ्या जंतूंवर आयसोनियाझिड तुटून पडतं. दडून बसलेल्यांना रिफॅम्पिसिन उपटतं. आम्लाच्या वातावरणात सुस्त पडलेल्यांवर पायराझिनामाइड चालतं, त्याच्यामुळेच नऊ महिन्यांचा कोर्स सहावर आला. इथॅम्ब्युटॉल पहाऱ्यावर, समजा आयसोनियाझिड आधीच निकामी असेल तर रिफॅम्पिसिन एकटं पडू नये म्हणून. आणि एकाच गोळीत का? सुट्या गोळ्या दिल्या की माणूस मळमळीची गोळी बाजूला काढतो आणि बाकीच्या घेतो. मी घरोघरी जाऊन गादीखालून गोळ्या काढल्यात, मला सांगू नका.

मावशीबोळ
आमची आजी मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये होती. स्वच्छ हवा, दूध, अंडी, आणि भेटायला गेलं की लांबून बोलायचं. ते सगळं या गोळ्यांनी बंद पाडलं का?

स्पुटमवाली_ताई
गोळ्यांनी, आणि मद्रासच्या एका अभ्यासाने. १९५६ मध्ये तिथे टीबीचं संशोधन केंद्र निघालं. गरीब वस्त्यांतले काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काही घरीच. औषधं दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. १९५९ मध्ये निकाल छापला. घरचे रुग्ण जेमतेम खाऊन, दाटीत राहूनही जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झाली असंही दिसलं नाही. जगभरातली सॅनेटोरियम्स ओस पडली त्यात या निकालाचा मोठा हात.

पायपीट
निवृत्त कुष्ठतंत्रज्ञ. ताईंनी टीबीचं सांगितलं, मी महारोगाचं सांगतो. तीच कथा आमच्याकडे उशिरा घडली.

वर्षानुवर्षं डॅप्सोन एकटंच देत होते, कित्येकांना जन्मभर. स्वस्त, साधी पांढरी गोळी. १९६४ मध्ये मलायात डॅप्सोनला न बधणारा जंतू सिद्ध झाला, पुढे तसे रुग्ण सगळीकडे निघू लागले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सांगितला. रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन, डॅप्सोन.

ते पाकीट म्हणजे अठ्ठावीस दिवसांचं कॅलेंडरच. वरच्या बाजूला महिन्याचा डोस, तो माझ्यासमोर गिळायचा, रिफॅम्पिसिन आणि क्लोफॅझिमिनच्या मोठ्या मात्रेचा. खाली रोजच्या गोळ्या, मागे दिवसांचे आकडे. अक्षरओळख नसलेला माणूसही कुठला खण फुटला नाही ते बोट ठेवून सांगायचा. जास्त जंतूंच्या प्रकाराला अशी बारा पाकिटं. क्लोफॅझिमिनने कातडी तांबूस-काळी पडते. बायका त्यालाच जास्त घाबरायच्या, चट्ट्यापेक्षा. "गावाला कळेल" म्हणून. एक बाई उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून, हातमोजे घालून भांगलायला जायची. कोर्स संपल्यावर हळूहळू रंग जातो हे तिला पटवायला मला तिच्याच गावची, आधी बरी झालेली दुसरी बाई शोधून आणावी लागली.

घाटावरचा
@पायपीट, यावर वेगळा धागा काढा. आग्रहाची विनंती.

मावशीबोळ
+१

तर्कटपंजरी
म्हणजे निष्कर्ष असा की जितकी जास्त तितकं बरं, फक्त जोडी विचार करून लावावी?

सूक्ष्मदर्शी
नाही. काही जोड्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. १९५१ मध्ये लेपर आणि डाउलिंग यांनी अमेरिकेत न्युमोकॉकसच्या मेंदूज्वराचे रुग्ण पाहिले. काहींना पेनिसिलिन, काहींना पेनिसिलिन आणि ऑरिओमायसिन. दोन औषधं मिळालेल्यांत मृत्यू कितीतरी जास्त. कारण पेनिसिलिन मारतं ते भिंत बांधत असलेल्या, म्हणजे वाढत असलेल्या जंतूला. ऑरिओमायसिनने वाढच थांबवली, मग पेनिसिलिनला मारायला काही उरलं नाही.

फटकळ_डॉक्टर
हा नियम सरसकट लावू नका. मारणारं आणि थांबवणारं एकत्र द्यायचं नाही, हे आम्ही कॉलेजात घोकलं. पण जास्त आजारी न्यूमोनियाला सेफ्ट्रिॲक्सोन आणि अझिथ्रोमायसिन सर्रास देतात आणि पेशंट उठून बसतो. न्यूमोनियाचा एक जंतू मायकोप्लाझ्मा, त्याला भिंतच नसते, तिथे भिंतीवर चालणारं सेफ्ट्रिॲक्सोन काय करणार? मांस सडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये पेनिसिलिनसोबत क्लिंडामायसिन मुद्दाम देतात, जंतूचं विष तयार होणं थांबावं म्हणून.

सूक्ष्मदर्शी
मान्य, पूर्णपणे. कुठला जंतू, कुठल्या जागी, हे पाहिल्याशिवाय नियम सांगता येत नाही. मेंदूच्या पाण्यात शरीराचं स्वतःचं संरक्षण दुबळं असतं, तिथे जंतू मारावाच लागतो.

आयसीयूतलं एक ताजं उदाहरण देते. इतर औषधांना न बधणाऱ्या जंतूंवर कोलिस्टिन एकटं द्यावं की मेरोपेनेमसोबत, यावर ४०६ रुग्णांची चाचणी २०१८ मध्ये छापून आली. बरेचसे ॲसिनेटोबॅक्टर नावाच्या जंतूचे. दोन देऊन फायदा दिसला नाही. परीक्षानळीत ती जोडी छान दिसायची.

मावशीबोळ
भावाच्या हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन झालं होतं तेव्हा अँपिसिलिन आणि जेंटामायसिन अशी दोन इंजेक्शनं कित्येक आठवडे चालली. मध्येच कानाची तपासणी करायला पाठवलं. आम्ही म्हटलं, दुखतंय हृदय आणि तपासताय कान? कुणी नीट सांगितलं नाही.

सूक्ष्मदर्शी
जंतू बहुधा एंटरोकॉकस. जेंटामायसिन त्याच्या आत पुरेसं शिरतच नाही. अँपिसिलिन एकटं त्याला नुसतं रोखून धरतं. पण अँपिसिलिनने भिंत खिळखिळी झाली की जेंटामायसिन आत जातं आणि मारतं. दोघांपैकी एकाला जमत नाही ते दोघं मिळून करतात, खरी जोडी ती हीच. कान का? जेंटामायसिन आतल्या कानाला आणि मूत्रपिंडाला इजा करतं. म्हणून हल्ली कित्येक ठिकाणी त्याऐवजी अँपिसिलिन-सेफ्ट्रिॲक्सोन देतात.

पैठणगेट
थोडा अभिमानाचा मुद्दा. फोडणाऱ्या एन्झाइमांना अडकवायची नवी औषधं शोधण्यात आपली माणसं पुढे आहेत. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेलं एन्मेटाझोबॅक्टम सेफेपिम या अँटिबायोटिकसोबत अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालं. आमच्या औरंगाबादला (नवं नाव माहीत आहे, वाद नको) वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात झिडेबॅक्टमवर काम झालं. ते एन्झाइम अडवतंच, शिवाय स्वतःही भिंतीच्या कामात दुसऱ्या जागी खोडा घालतं.

तर्कटपंजरी
ते एनडीएम का काय, दिल्लीचं नाव दिलेलं, त्यावर चालतं का हे?

सूक्ष्मदर्शी
एनडीएम हे फोडणारं एन्झाइमच, पण त्याच्या गाभ्यात जस्त आहे, कामाची रीत निराळी. क्लॅव्ह्युलॅनिक त्याला अडकवू शकत नाही, ॲव्हिबॅक्टम हे त्याच कामाचं नवं औषधही नाही. एन्मेटाझोबॅक्टमचंही तेच. झिडेबॅक्टमची गोष्ट वेगळी, त्याची मदार भिंतीतल्या त्या दुसऱ्या जागेवर आहे, म्हणून एनडीएमवाल्या जंतूंसाठीही त्याच्याकडे आशेने बघतात.

आज हाताशी असलेली तोड मला फार आवडते. ॲझ्ट्रिओनाम नावाचं जुनं औषध एनडीएमला फोडता येत नाही. पण एनडीएमवाल्या जंतूकडे सहसा आणखी साधी एन्झाइम्सही असतात, ती ॲझ्ट्रिओनामला फोडतात. त्या साध्यांना ॲव्हिबॅक्टम अडकवतं. एकाने मोठ्याला चुकवायचं, दुसऱ्याने बाकीच्यांना धरून ठेवायचं. ॲझ्ट्रिओनाम-ॲव्हिबॅक्टम ही तयार जोडी युरोपात २०२४ मध्ये मंजूर झाली. त्याआधी आयसीयूत सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझ्ट्रिओनाम वेगवेगळे लावून हाच खेळ करत होते.

चिंचगुळ
मी प्रश्न टाकून पोळ्या लाटायला गेले आणि इथे विद्यापीठ निघालं! नणंदेला लिंक पाठवली, तिचा अजून अंगठाही आला नाही. मामेसासऱ्यांच्या गोळ्यांचं कळलं, ते सकाळी मळमळतं म्हणून दोन आत्ता-दोन रात्री असं करत होते, ते उद्याच त्यांच्या ताईंना विचारते. राहता राहिली दाढ. तिथे ६२५ लागते का हो?

सूक्ष्मदर्शी
तोंडात बिनऑक्सिजनचे काही जंतू एन्झाइमवाले असतात, त्यामुळे कारण असू शकतं. पण बऱ्याचदा साधं अमॉक्सिसिलिन पुरतं, आणि पू बाहेर काढला किंवा दाढेचं काम केलं तर औषधाचीच गरज उरत नाही. दंतवैद्यांना विचारा. रूट कॅनाल टाळायला गोळ्यांवर गोळ्या खाणारे यजमान असतील तर त्यांनाही विचारा.

चिंचगुळ
टाळणारेच आहेत.

स्पुटमवाली_ताई
@चिंचगुळ, विचारायची वाट बघू नका. सगळ्या गोळ्या एकाच वेळी घ्यायला सांगा. मळमळ राहिली तर थोडं खाऊन घ्या आणि केंद्रावर या. डोळे किंवा लघवी हळदीसारखी पिवळी, भूक पार गेली, उलट्या थांबत नाहीत असं काही असेल तर त्याच दिवशी दाखवा, ती यकृताची लक्षणं.

गोठ्यातला_डॉक्टर
धागा जुना झाला, पण जनावरांच्या डॉक्टरांची एक जोडी राहिली म्हणून वर आणतो. ब्रुसेला नावाच्या जंतूवरची. गाभडलेल्या गाईची अडकलेली वार हाताने काढताना तो आमच्या अंगात शिरतो, कच्चं दूध पिणाऱ्यांच्याही. ताप येतो-जातो, रात्री घाम, सांधे आणि कंबर धरते, आणि टायफॉइड म्हणून औषधं चालू राहतात. हा जंतू आपल्याच पेशींच्या आत राहतो, त्यामुळे एका औषधाने ताप उतरला तरी आजार पुन्हा उलटतो. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सहा आठवडे, किंवा रिफॅम्पिसिनऐवजी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. माझ्या ओळखीतले दोघे व्हेट्स ताप उतरल्यावर मध्येच थांबले आणि परत पडले.

फटकळ_डॉक्टर
महत्त्वाचं सांगितलंत. लांबलेल्या तापात 'गोठा आहे का' हे मी विचारतो, 'वार काढली का' हे विचारत नव्हतो. त्यासाठी रक्ताची कुठली तपासणी पाठवता तुम्ही?

गोठ्यातला_डॉक्टर
जनावरांत आम्ही 'रोझ बेंगॉल' नावाची तपासणी करतो, माणसांतही चाळणीला तीच चालते, पक्कं करायला ट्यूब ॲग्लुटिनेशन किंवा एलायझा. ब्लड कल्चर पाठवलंत तर चिठ्ठीवर ब्रुसेलाचा संशय आहे हे ठळक लिहा, लॅबवाल्यांनाही त्याची लागण होते. सूक्ष्मदर्शी सांगतीलच.

सूक्ष्मदर्शी
होते. लिहाच. आणि बाटली लवकर फेकू नका असंही लिहा, तो सावकाश वाढतो.